रुळांकडेचा ‘भुताचा दिवा’ तपासायचा कसा? कोल्हापूर–मिरज मार्गालगतच्या गावांसाठी

रात्री रुळांच्या बाजूला एक दिवा दिसतो. जवळ जावं तर मागे सरकतो, थांबलं की थांबतो, मध्येच विझतो आणि थोड्या वेळाने बाजूला कुठेतरी पुन्हा पेटतो. कोणी त्याला अपघातात गेलेल्या गँगमनचा (रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराचा) कंदील म्हणतं, कोणी आग्या वेताळ, तर कोणी ‘चकवा आहे, तिकडं जाऊ नको’ एवढंच बोलून विषय संपवतं. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर या पट्ट्यात राहणाऱ्या कुणाला असा दिवा स्वतः तपासायचा असेल, तर तो कोणत्या क्रमाने तपासावा हे इथे दिलं आहे.

बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. आधी रात्री रुळावर जातात, मोबाईलचा झूम ताणून थरथरता व्हिडिओ काढतात, तो ग्रुपवर टाकतात आणि मग दिवा कशाचा यावर वाद घालतात. तोपर्यंत आपण नेमके कुठे उभे होतो, दिवा कुठल्या दिशेला होता, किती वाजले होते, यातलं काहीच कुणाला आठवत नाही. असा व्हिडिओ तपासाच्या कामाचा नसतो. आधी माणसांशी बोलायचं, मग दिवसा परिसर बघायचा, मग रात्री लांबून दिशा पकडायची आणि चाचणी शेवटी. यात रुळावर जाणं कुठेच येत नाही.

## टप्पा १ : परवानगी, जागा आणि काय करायचं नाही

रुळांवरून किंवा खडीच्या पट्ट्यावरून चालायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं सोडा, जिवाचा प्रश्न आहे. विजेच्या इंजिनाची चाहूल डिझेलसारखी लांबून लागत नाही, आणि दूरच्या दिव्याकडे टक लावलेल्या माणसाला मागून येणारी गाडी कळत नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिच्या आसपास काठी, लांब दांड्याचा सेल्फी स्टँड, ड्रोन यातलं काहीही नेऊ नका.

इशारा : रात्री रुळांच्या दिशेने कुठलाही दिवा जोरजोरात हलवला, तर तो धोक्याचा इशारा मानून लोको पायलट गाडी थांबवतो. आकाशनिरीक्षण करणारे अंधाराला सरावलेली नजर टिकून राहावी म्हणून लाल बॅटरी वापरतात आणि ती सवय तिथे चांगलीच आहे. रुळांजवळ मात्र लाल उजेडाचा अर्थ ‘थांबा’ एवढाच होतो. बॅटरी कुठल्याही रंगाची असो, तिचं तोंड कायम जमिनीकडे ठेवा.

उभं राहण्यासाठी रुळांपासून निदान दीडशे-दोनशे मीटर लांबचा बांध, गावरस्ता किंवा घराची गच्ची निवडा. शेत ज्याचं असेल त्याला विचारा आणि पोलीस पाटलांना आदल्या दिवशी कळवा. हे शिष्टाचारासाठी नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली की शेतकऱ्याचं पाणी त्या दिवसापासून बंद होतं. त्यामुळे रात्री चार अनोळखी माणसं बॅटऱ्या घेऊन उसाकडेला दिसली की पहिला संशय केबलचोरांचा येतो आणि गाव गोळा होतं.

निदान तिघांनी जायचं. पायात गमबूट, हातात काठी. दिवसा फिरताना कठडा नसलेल्या विहिरी बघून ठेवा, कारण या कामात नजर लांब असते आणि पाय विसरले जातात. ऊस आणि पाचटात घोणस, नाग, मण्यार असतात. साप चावलाच तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

## टप्पा २ : ज्यांनी दिवा पाहिला त्यांच्याशी बोलणं

सगळ्यात जास्त माल इथे मिळतो आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात. “आबा, तुम्ही भूत बघितलंय का?” असं विचारलं की एक तर गोष्ट रंगते किंवा माणूस गप्प होतो. तुम्हाला हवी आहे जागा, दिशा, उंची आणि वेळ. प्रश्न त्या बेताने टाका :

“आबा, त्या वेळंला तुम्ही कुठं उभा होता?”
“उसाला पाणी पाजाय गेल्तो. दारं मोडली आन् बांधावर बसलो.”
“तोंड कुणीकडं होतं?”
“रुळाकडं. मागं विहीर.”
“दिवा झाडाच्या वर होता का खाली?”
“बाभळीच्या शेंड्याला लागून. गाडी गेली, तवापास्नं दिसलाच न्हाई.”

एवढ्याशा बोलण्यात चारही गोष्टी आल्या. बांध आणि विहीर ही जागा झाली, रुळाकडचं तोंड ही दिशा, बाभळीचा शेंडा ही उंची, आणि गाडी गेल्याचा उल्लेख ही वेळ. दुसऱ्या दिवशी आबांना त्याच बांधावर बसवून शेंड्याकडे बोट दाखवायला सांगा. दिवसाउजेडी दाखवलेली ती दिशा रात्रीच्या वर्णनापेक्षा भरवशाची असते.

प्रत्येकाशी वेगळं बोला. चौघांना पारावर एकत्र बसवलं की चौघांची मिळून एकच हकिगत तयार होते आणि मूळच्या चार हरवतात. स्वतः पाहिलेलं आणि ‘चुलत्यानं बघितलेलं’ यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. तुमचा अंदाज आधी सांगू नका. तारीख आठवत नसेल तर ऊस उभा होता की तुटला होता, पाण्याची लाईट रात्रीची होती का, म्हाई (गावची जत्रा) झाली होती का, असं विचारा. महिना यातून बरोबर निघतो.

त्या जागी खरंच कुणी गेलं असेल तर त्यांचं घर गावातच असतं. त्या घरात या विषयासाठी जाऊ नका, आणि मृत माणसाचं नाव तुमच्या वहीत किंवा व्हिडिओत येऊ देऊ नका.

तपासणी : स्वतः पाहिलेल्या निदान तिघांच्या हकिगतीत जागा आणि दिशा जुळते का? जुळत नसेल तर तुमच्यासमोर एक दिवा नाही, अनेक आहेत. प्रत्येकाचा तपास वेगळा करा.

## टप्पा ३ : दिवसा दिव्यांची यादी

वही आणि मोबाईलवरचा उपग्रह नकाशा घेऊन, साक्षीदारांनी दाखवलेल्या दिशेत १५ किलोमीटरपर्यंत रात्री काय काय उजळतं ते लिहून काढा. ‘एवढ्या लांबचं काय दिसणार’ असं म्हणून यादी दोन किलोमीटरवर थांबवणं ही इथली ठरलेली चूक आहे. मोकळ्या रानात वाहनाचा हेडलाईट १० किलोमीटरवरूनही सहज दिसतो.

रेल्वेचे दिवे. इंजिनाचा हेडलाईट, शेवटच्या डब्यामागे लुकलुकणारा लाल दिवा, सिग्नल, फाटकाचे दिवे. विजेचं इंजिन जाताना तार आणि पेंटोग्राफ (इंजिनाच्या छतावरचा, तारेला टेकणारा सांगाडा) यांच्यामध्ये कधीकधी निळसर-हिरवट ठिणगी उडते. दव पडलेल्या पहाटे ती जास्त दिसते आणि क्षणात आजूबाजूचं रान उजळवून जाते. पावसाळ्यात ट्रॅकमन रात्री हातदिवा घेऊन पायी गस्त घालतात. पावलागणिक हलणारा, मध्येच थांबणारा, वाकून काही बघणारा तो दिवा लांबून हुबेहूब गोष्टीतल्या कंदिलासारखा दिसतो. त्याची ओळख वेगावरून पटते. ५०० मीटर जायला सात-आठ मिनिटं लागली तर तो चालता माणूस आहे, आणि तो आपलं रक्षण करतोय. त्याला हाका मारू नका.

रस्त्याचे दिवे. कोल्हापूर–सांगली रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत याच पट्ट्यातून जातो, आणि शिरोलीजवळ पुणे–बंगळूर महामार्ग आहे. वाहन वळणावर तुमच्याकडे तोंड करून आलं की दिवा ‘पेटतो’, पुढच्या वळणावर ‘विझतो’. ‘गाडी असती तर दोन दिवे दिसले असते’ हा आक्षेप हमखास येतो. माणसाचा डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतच दोन ठिपके वेगळे ओळखतो. दीड मीटर अंतरावरचे दोन हेडलाईट पाच किलोमीटरच्या पुढे एकच दिसतात, झगमगाटामुळे त्याच्याही आधी.

शेतातले दिवे. शेतीची थ्री-फेज लाईट रात्रीची असली की डोक्याला बॅटरी बांधून माणसं पाणी पाजायला जातात. उसाच्या सरीतून चालताना ती बॅटरी क्षणाक्षणाला झाकली जाते, उघडते. हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या पालांमधल्या चुली, ट्रॅक्टरचे दिवे, पेटवलेलं पाचट यांची भर पडते. गुऱ्हाळाचं चुलवाण, म्हणजे गुळाच्या काहिलीखालची भट्टी, यादीत घ्यायला विसरू नका. जळव्या, म्हणजे जाळ घालणारा माणूस, चिपाडं आत लोटतो तेव्हा तोंडातून जाळ बाहेर येतो, मग पुन्हा अंधार. लांबून हा लालसर उजेड श्वास घेतल्यासारखा वाढतो-कमी होतो. शिरोलीच्या फाउंड्रींचा उजेडही ढगाळ रात्री वर उठून दिसतो.

डोंगरावरचे आणि आकाशातले. ज्योतिबा, पन्हाळा, आळत्याचा रामलिंग आणि कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावरचे दिवे क्षितिजाच्या वर तरंगल्यासारखे दिसतात. उजळाईवाडीला उतरणारं विमान तुमच्या रोखाने येत असेल तर त्याचा दिवा कितीतरी वेळ एका जागी स्थिर वाटतो. क्षितिजाजवळचा शुक्र आणि हिवाळ्यात रंग बदलत लुकलुकणारा व्याध यांनीही भल्याभल्यांना फसवलं आहे.

‘दलदलीतला वायू’ हे उत्तर यादीत सरसकट लिहू नका. मिथेन आपोआप पेट घेत नाही, आणि जिथे दलदलच नाही तिथे हे उत्तर देणं म्हणजे एका न तपासलेल्या गोष्टीच्या जागी दुसरी ठेवणं.

## टप्पा ४ : दोन जागा ठरवणं

एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणून एकमेकींपासून ३०० ते ५०० मीटर लांबच्या, शक्यतो दिव्याच्या दिशेला आडव्या अशा दोन जागा निवडा. दोन्हीकडून पकडलेल्या रेषा नकाशावर जिथे छेदतात, तिथे दिवा.

जागा जवळजवळ घेतल्या तर सगळी मेहनत वाया जाते. दिवा ३ किलोमीटरवर असेल आणि तुमच्या जागांत ५०० मीटर असतील, तर दोन दिशांत साधारण साडेनऊ अंशांचा फरक पडतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण एवढंच माप होतं, म्हणजे चूक व्हायला वाव कमी. त्याच जागा ५० मीटरवर घेतल्या तर फरक जेमतेम एक अंश, आणि तो तुमच्या हाताच्या चुकीतच बुडतो.

मोबाईलच्या होकायंत्रावर विसंबू नका. रूळ, लोखंडी खांब, उभी मोटारसायकल, कव्हरमधलं चुंबक, कशानेही त्याचा काटा फिरतो. त्यापेक्षा खुंट्या वापरा. प्रत्येक जागेवर एक खुंटी आधीच पक्की ठोका, दुसरी रात्री ठोकायची आहे.

तपासणी : दोन्ही जागा नकाशावर टिपल्या का? दोन्हीकडून ती दिशा मोकळी दिसते का? मध्ये दहा-बारा फुटी ऊस उभा असेल तर गच्ची शोधा.

## टप्पा ५ : निरीक्षणाची रात्र

त्या रात्रीच्या गाड्यांची खरी वेळ रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघून लिहून घ्या. संध्याकाळनंतर सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस वगैरे त्यात मिळतील. मालगाड्या मात्र प्रवासी ॲपवर दिसत नाहीत, म्हणून कानाने ऐकलेली प्रत्येक गाडी वेळेसह नोंदवा.

१. ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. या काळात मोबाईल उघडलात तर पुन्हा पहिल्यापासून.

२. दोन्ही गटांनी मोबाईलची वेळ नेटवर्कवर ठेवा. नोंद घड्याळाच्या मिनिटात करायची, ‘थोड्या वेळाने’ असं लिहायचं नाही.

३. दिवा दिसला की पहिली पाच मिनिटं त्याच्याकडे चालायचं नाही, ओरडायचं नाही. पक्क्या खुंटीमागे बसून दुसरी खुंटी तीन-चार मीटर पुढे अशी ठोका, की दोन्हींची टोकं आणि दिवा एका ओळीत येतील. दिवा सरकला तर तिसरी ठोका आणि प्रत्येकीची वेळ लिहा.

४. उंची बोटाने मोजा. हात पूर्ण लांब केला तर करंगळीची जाडी साधारण एक अंश भरते.

५. आता बाजूला ५० पावलं चाला. जवळचं झाड सरकलं पण दिवा जागचा हलला नाही, तर तो फार लांब आहे. ‘पाठलाग केला की मागे सरकतो’ याचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो. १० किलोमीटरवरच्या दिव्याकडे तुम्ही २०० मीटर चाललात तरी तो तितकाच मोठा आणि तितकाच लांब दिसतो, आणि मनाला वाटतं तो मागे गेला.

६. मगच कॅमेरा. मोबाईल दगडावर किंवा स्टँडवर टेकवा, लेन्स पुसा, फोकस आणि उजेड लॉक करा, डिजिटल झूम बंद ठेवा. चौकटीत झाड किंवा खांब येऊ द्या, कारण नुसत्या काळ्या पडद्यावरच्या ठिपक्याला दिशा नसते.

इशारा : अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो स्थिर असला तरी हलल्यासारखा वाटतो. डोळ्यांचा हा स्वभाव आहे आणि तो सगळ्यांचा आहे. ‘दिवा नाचत होता’ असं लिहिण्याआधी तो खांबाच्या कडेला लावून बघा. फोटोतही एक सापळा असतो. कॅमेरा थोडा फिरवल्यावर ठिपका मूळ दिव्याच्या उलट बाजूला पळत असेल, तर तो लेन्समधला परावर्तित उजेड आहे.

थंडीच्या निरभ्र रात्री पंचगंगेकाठी गार हवा खाली साचते आणि तिच्यावर उबदार थर राहतो. अशा वेळी दूरचा उजेड वाकून येतो. दिवा उचलल्यासारखा, ताणल्यासारखा, कधी दुभंगल्यासारखा दिसतो, आणि एरवी चढाआड लपलेला रस्ताही वर येऊन दिसू शकतो. म्हणून हवा, दव, धुकं, वारा यांची नोंद दर तासाला करा.

## टप्पा ६ : सकाळी रेषा जुळवणं

खुंट्या रात्रभर तशाच ठेवा. उजाडल्यावर त्यांच्या मागे बसून बघा, रेष कशावर जाते? रस्त्याचं वळण, गुऱ्हाळाचं धुराडं, सिग्नल, डोंगरावरचा खांब? दोन्ही जागांच्या रेषा नकाशावर काढा आणि छेदबिंदू टप्पा ३ च्या यादीशी ताडून बघा. रेषा रुळांवरूनच जाते पण छेद रुळांच्या पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर पडतो, असं झालं तर दिवा रुळांवर नव्हता, रुळांच्या ओळीत होता. रूळ सरळ जातात, आजूबाजूचं रान मोकळं असतं, म्हणून नजर त्या वाटेने लांबवर जाते आणि तिथला कुठलाही उजेड रुळावर बसल्यासारखा भासतो.

## टप्पा ७ : चाचणी

आतापर्यंत हाती आलाय तो अंदाज. तो सिद्ध करायला दिवा तुमच्या सांगण्यावर बदलला पाहिजे. अमेरिकेत मिशिगन राज्यात पॉल्डिंगचा दिवा असाच कंदील घेऊन फिरणाऱ्या रेल्वे कामगाराचा मानला जायचा. २०१० मध्ये मिशिगन टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी दुर्बीण लावली, तर साधारण सात किलोमीटरवरच्या महामार्गावरची वाहनं दिसली. मग त्यांनी स्वतःची गाडी त्या रस्त्यावर लुकलुकते दिवे लावून नेली आणि इकडे तो ‘भुताचा’ दिवा लुकलुकला.

तुम्हीही तसंच करा, फक्त एक काळजी घेऊन. गाडीतल्या माणसाने दिवे कधी चालू-बंद केले हे फोनवर सांगायचं नाही. त्याने आपल्या कागदावर वेळा लिहायच्या, बांधावरच्यांनी आपल्या. दहाएक वेळा झाल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. आधीच माहीत असलं की डोळ्याला हवं ते दिसतं. गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवून उभी करा, समोरच्याच्या डोळ्यांवर हाय बीम मारू नका. संशय गुऱ्हाळावर असेल तर मालकाला विचारून जळव्याशेजारी एक जण घड्याळ घेऊन बसवा. गाडीवर असेल तर वेळापत्रक आणि कानाने टिपलेल्या वेळा पुरेशा आहेत. रेल्वेच्या दिव्याशी किंवा कर्मचाऱ्याशी कुठलीही ‘चाचणी’ करायची नाही.

एका कारणावर सगळ्यांचा शिक्का मारू नका. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्राउन माउंटनच्या दिव्यांना १९१३ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने रेल्वे इंजिनाचे हेडलाईट ठरवलं. १९१६ च्या पुरात गाड्या बंद पडल्या तरी दिवे दिसतच राहिले. १९२२ मध्ये नकाशावर दृष्टीरेषा आखून पुन्हा तपास झाला, तेव्हा मोटारी, इंजिनं, वस्तीचे स्थिर दिवे आणि झुडपांचे वणवे अशी सगळी मिसळ निघाली.

## टप्पा ८ : नोंद आणि पुन्हा एकदा

प्रत्येक दिव्यापुढे तीनपैकी एकच शेरा लिहा : ओळख पटली, बहुधा अमुक, ओळख पटली नाही. शेवटच्या शेऱ्यातून भूतही सिद्ध होत नाही आणि साक्षीदार खोटाही ठरत नाही. ज्यांनी तुम्हाला हकिगत सांगितली त्यांना नकाशा घेऊन भेटा, आधी त्यांना दाखवा, मग गावाला. “आबा, तुम्ही बघितला तो दिवा खरा होता, तो हितनं येत होता” असं म्हटलं तर माणूस ऐकतो. ‘अंधश्रद्धा आहे’ म्हणून सुरुवात केली तर पुढचं काही ऐकत नाही.

या दिव्याची भीती घालून कुणी उतारा, पूजा किंवा पैसे मागत असेल तर पोलीस ठाण्यात जा. भूत-पिशाच्चाची भीती घालून घबराट पसरवणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

एका रात्रीवर निकाल देऊ नका. दिवा फक्त अमावास्येला दिसतो असं सांगत असतील तर एक अमावास्या आणि एक पौर्णिमा दोन्ही बघा, कारण चांदण्यात फिका दिवा नुसता झाकला जातो. आणि इथल्या रानात सगळ्यात मोठा फरक उसाचा पडतो. दिवाळीआधी उभा ऊस मधली दृष्टी अडवतो. तोड झाली की तोच रस्ता, तेच गुऱ्हाळ एका आठवड्यात उघडं पडतं, आणि गावात बोललं जातं की दिवा पुन्हा यायला लागला. म्हणून तुमच्या रेषेवरची शेतं कुणाची आणि त्यांना तोड कधी येणार हे आत्ताच विचारून वहीत लिहा, आणि तोडीच्या आधी एक रात्र, तोडीनंतर एक रात्र त्याच खुंट्यांमागे बसा.